सायकल-पायी वाट काढायचीये? आधी 'हेड' शोधा

आमची पहिली मीटिंग आठवली की अजून हसू येतं. सहा जण, सगळे रविवारचे सायकलवाले, लॅपटॉपवर आमच्या मनातल्या वाटेची 42 किलोमीटरची निळी रेघ, ड्रोनचे फोटो, शेवटच्या स्लाइडवर सूर्यास्त वगैरे. समोरच्या सरकारी साहेबांनी सगळं शांतपणे बघितलं, चहा मागवला आणि विचारलं, "छान आहे, पण हे टाकायचं कुठल्या हेडला?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो, कारण हेड म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

हेड म्हणजे लेखाशीर्ष. सरकारी पैसा कप्प्या-कप्प्यांत असतो, रस्त्याचा कप्पा वेगळा, पर्यटनाचा वेगळा, वनाचा वेगळा, आणि 'चालायची आणि सायकलची वाट' असा कप्पा तालुक्याच्या पातळीवर कुठेच नाही. त्यामुळे अख्खी वाट घेऊन गेलात तर नाही म्हणणं सोपं जातं, आणि तिचे असे तुकडे केलेत की प्रत्येक तुकडा एकेका कप्प्यात बसतो, तर काम होतं. आमची आज 11 किमी वाट तयार आहे ती याच पद्धतीने, चार वेगवेगळ्या पैशांतून. बेचाळीसची रेघ अजून लॅपटॉपवरच आहे.

आमच्या तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण ज्यांच्यावर खार खाऊन आहे त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात परत जायचंय. उदाहरण म्हणून जुन्नर घेऊ. तिथे सगळे प्रकार एकाच तालुक्यात सापडतात: ओझर आणि लेण्याद्री हे दोन अष्टविनायक, मध्ये शिवनेरी, पश्चिमेला चावंड आणि तिसेक किलोमीटरवर नाणेघाट, म्हणजे सातवाहनांच्या काळापासूनचा व्यापारी रस्ता, जकातीच्या रांजणासकट. खाली कुकडी प्रकल्पाचे पाट, वर जंगल, मध्ये ऊस, आणि उसात बिबटे. 2018 मध्ये तालुक्याला पर्यटन तालुका म्हणून दर्जाही मिळालाय. समजा ओझर ते नाणेघाट वाट करायचीये, तर काय काय करावं लागेल?

रेघ मारू नका, वाट शोधा

नवीन वाट कापायच्या भानगडीत पडू नका. गावात वाटा असतातच, त्या बुजलेल्या असतात. भूमी अभिलेख कार्यालयातून प्रत्येक गावाचा गाव नकाशा घ्या, मोबाईलवरचा नव्हे, जुना. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेघेने दाखवलेला असतो, पायमार्ग एकेरी तुटक रेघेने. या तुटक रेघा म्हणजे तुमचं खरं भांडवल, कारण जी वाट नकाशावर आहे तिच्यासाठी कुणाकडून जमीन मागायची नसते, फक्त मोकळी करून घ्यायची असते. शिवरस्ते, पाणंदी (शेतांमधून जाणारे गाडीरस्ते), कॅनॉल रोड, जुनी पालखीची वाट, ज्या रस्त्याने पूर्वी बाजाराला जायचे तो, हे सगळं एका कागदावर आणा.

मग नकाशा घेऊन गावातल्या म्हाताऱ्या माणसासोबत चाला. आमच्याकडे एका आजोबांनी घाणेरीच्या जाळीत काठी खुपसली आणि म्हणाले, हितनं बैलगाडी जायची, दोन्हीकडनं शेराचं कुंपण होतं. काठी आत हातभर गेली आणि टक्क करून दगडावर वाजली. खाली जुनं खडीकरण होतं, चाळीसेक वर्षं कुणी बघितलं नव्हतं. ड्रोनला ते दिसलं नसतं.

आणि बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर ट्रेल करू असं कुणीतरी म्हणतंच. न्यूझीलंडमध्ये ओटागोची लाइन 1990 ला बंद झाली आणि 2000 साली तिच्यावर 150 किमीची सायकल वाट उघडली, ती गोष्ट खरी आहे आणि भारी आहे. पण आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरच्या शकुंतलेवर, म्हणजे तिथल्या जुन्या नॅरोगेज लाइनवर, हा प्रयोग सुचवून बघा, तिथल्या लोकांना गाडी परत हवीये, ब्रॉडगेज हवीये, तुमची सायकल नकोय. जिथे लोक एखाद्या गोष्टीची वाट बघतायत तिथे दुसरं काही नेऊ नये.

जमीन कुणाची, हा सगळ्यात मोठा टप्पा

वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. वाटेचे अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे तुकडे करा, एक्सेलमध्ये प्रत्येकासमोर मालक कोण ते लिहा, आणि प्रत्येक मालकाची भाषा वेगळी असते हे लक्षात ठेवा.

पाणंद असेल तर तहसीलदार. अतिक्रमण बहुतेक ठिकाणी निघेल, बांध दरवर्षी वीतभर सरकतो हे काय नवीन नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा दूर करायचा आदेश देऊ शकतात, पण तुम्ही शहरातली पोरं सायकल चालवायला म्हणून हा अर्ज करू नका हो. अर्ज ज्यांचं शेत आत अडकलंय त्या शेतकऱ्यांचा हवा. त्यांना ऊस बाहेर काढायला रस्ता पाहिजे, तुम्हाला वाट पाहिजे, दोघांचं काम एकच आहे. पाणंद मोकळी झाली की मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेसारख्या योजनांमधून काम होऊ शकतं. मात्र मग तिथून ट्रॅक्टर जाणार, उसाच्या ट्रॉल्या जाणार, हे मान्य करून डिझाइन करा. फक्त सायकलची पाणंद ही कल्पना सोडून द्या.

पाटाचा रस्ता जलसंपदा खात्याचा, जुन्नरकडे म्हणजे कृष्णा खोरे महामंडळाचा. त्यांना भीती दोनच, भरावाला धक्का लागेल आणि कुणीतरी पाण्यात पडेल. दोन्ही भीत्या रास्त आहेत. त्यामुळे अर्जात आधीच लिहा की खोदकाम नाही, झाड भरावावर लावणार नाही (मुळं भराव पोखरतात), आवर्तन चालू असताना (पाटाला पाणी सोडलेलं असताना) आणि यंत्र येईल तेव्हा वाट बंद ठेवू, पाण्याच्या बाजूने कठडा किंवा निदान झुडपी कुंपण. आणि वरच्या साहेबांना भेटायच्या आधी पाटकऱ्याला भेटा. कुठल्या मोरीपाशी भराव पाझरतो, कुठे पोरं पोहायला उड्या मारतात हे त्याच्या डोक्यात असतं, कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

जंगल आलं की बरेच जण हात टेकतात. पण वनहक्क कायदा 2006 मध्ये कलम 3(2) आहे, ग्रामसभेने शिफारस केली तर रस्त्यासारख्या 13 प्रकारच्या सुविधांसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि सुविधा सरकारच्या व्यवस्थापनाखाली हवी. आता गणित बघा, अडीच मीटर रुंदीची 4 किमी वाट म्हणजे बरोब्बर 1 हेक्टर, त्यामुळे त्याच्या आत राहा. आणि हा रस्ता खरोखर त्या वाडीच्या उपयोगाचा हवा. निव्वळ पर्यटनासाठी हे कलम वापरायला जाल तर पहिल्याच टेबलावर अडकाल, आणि अडकायलाच पाहिजे. नाहीतर दुसरा मार्ग, आहे ती पायवाट तशीच ठेवायची, रुंद करायची नाही, वनखात्याने आणि गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने मिळून दगडी पायऱ्या आणि पाट्या करायच्या. नाणेघाटाकडच्या भागाला मी तेच सुचवीन, सायकल अलीकडच्या गावात लावा आणि चालत जा.

शिवनेरी आणि लेण्याद्री ही संरक्षित स्मारकं. हद्दीपासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, पुढचे 200 मीटर नियंत्रित, म्हणजे परवानगी लागते. शिवनेरी तर 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या यादीतून जागतिक वारसाही झाला. तुमचं स्वच्छतागृह, सायकल स्टँड, कमान (कमानी करूच नका प्लीज) हे सगळं या 300 मीटरच्या बाहेर ठेवा, कटकट मिटली. जाता जाता, शिवनेरीवर आणि लेण्याद्रीला आग्या मोहळं असतात, तिथे धूर आणि उग्र परफ्यूम नको ही पाटी माहितीच्या पाटीपेक्षा महत्त्वाची आहे.

राहिली खासगी जमीन. इथे आम्ही तोंडावर पडलो. एका शेतकरीदादांनी कडेकडेने 200 मीटर वाट द्यायला तोंडी होकार दिला, आम्ही मुरूम टाकला, फोटो काढले, पेढे वाटले. पुढच्या वर्षी भावाभावांत वाटणी झाली, तो तुकडा धाकट्याकडे गेला आणि त्याने सरळ नांगर घातला. त्याची काय चूक? त्याने कुठे शब्द दिला होता. तेव्हापासून आमचा नियम, सातबाऱ्यावर जेवढी नावं तेवढ्या सह्या, बहिणींच्या पण, आणि शक्य असेल तर ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्र. सह्या जमत नसतील तर तिथून वाट वळवा, अर्धा किलोमीटर जास्त पडू दे.

ग्रामसभा

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. त्याच्या आधी पंधरा दिवस विषय ग्रामसेवकांकडे लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येतो, आयत्या वेळच्या विषयात टाकलेला ठराव पुढे टिकत नाही. कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. ठरावात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: गट नंबर, वाटेची रुंदी, आणि देखभाल कोण करणार. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली बरीच गावं पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) आहेत, तिथे ग्रामसभेचा शब्द नुसता शिफारशीचा नसतो, आणि त्या ग्रामपंचायतींना आदिवासी योजनेचा 5 टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते गाव ठरवतं) थेट मिळतो, छोटी कामं त्यातून होऊ शकतात. पण तो निधी त्यांचा आहे, पहिली गरज पाण्याची असेल तर तुम्ही गप्प बसायचं.

अंदाजपत्रक, म्हणजे मुरमाचा हिशोब

लोक आर्किटेक्टकडून सुंदर चित्रं काढून आणतात आणि त्यात आकडा नसतो. निदान मुरमाचा हिशोब स्वतः करा. अडीच मीटर रुंद, 1 किमी लांब, 15 सेंटिमीटर जाड थर म्हणजे 375 घनमीटर. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, साधारण 2.83 घनमीटर, म्हणजे झाले 132 ब्रास, आणि रोलर फिरल्यावर थर बसतो म्हणून सैल मुरूम पाव पट जास्त धरा, 165 ब्रास. दोन ब्रासच्या टिपरने ऐंशी-ब्याऐंशी खेपा. हे एकदा कागदावर आलं की 42 किमी म्हणजे काय ते कळतं आणि आवाज आपोआप खाली येतो.

अडीच मीटर का, तर बांबू आडवा धरून बघा, समोरासमोर दोन सायकली आणि कडेला डोक्यावर भारा घेतलेल्या मावशी एवढं त्यात जातं. त्याहून अरुंद केलं तर मावशींना गवतात उतरावं लागतं, आणि वाट मुळात त्यांची आहे. मुरूम हाताने दाबून बघा, ओला करून मुठीत वळला आणि चिकट झाला तर तो माती आहे, जूनमध्ये त्याची राबडी होणार. मधला भाग थोडा उंच ठेवा, दोन्हीकडे चर काढा, आणि जिथे पाणी वाट ओलांडतं तिथे पाइपची मोरी टाकाच. शेतकऱ्यांच्या पाइपलाइनी वाटेखालून जाणार असतील तर आत्ताच जास्तीचे पाइप टाकून ठेवा, नाहीतर दर दोन महिन्यांनी कुणीतरी वाट खोदणार.

आणि फुकटचा मुरूम घेऊ नका! गायरानातून उपसू की, गावचंच आहे, असं म्हणणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो. मुरूम गौण खनिज आहे, रॉयल्टी भरून परवाना लागतो, विनापरवाना उपशाला बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड होऊ शकतो. आमचा पंचनामा होता होता राहिला.

दर बांधकाम खात्याच्या चालू दरसूचीतले धरा, त्यावर जीएसटी, कामगार कल्याण उपकर 1 टक्का, रॉयल्टी वेगळी. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपअभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घेतलंत तर पुढे तांत्रिक मान्यतेला सोपं जातं. तुमच्या ओळखीच्या इंजिनिअरचं अंदाजपत्रक कितीही बरोबर असलं तरी ते परत होणारच आहे.

आता पैसा

सगळ्यात मोठं दार जिल्हा नियोजन समितीचं. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सचिव. जिल्हा वार्षिक योजनेत पर्यटन, वनपर्यटन, 'क' वर्ग यात्रास्थळं, ग्रामीण रस्ते असे उपकप्पे असतात. रस्त्यांचा पैसा 3054 आणि 5054 या हेडखाली येतो, पण त्यासाठी त्या रस्त्याला ग्रामीण मार्ग म्हणून नंबर लागतो. नंबर नसेल तर पाणंद कितीही जुनी असो, ती या हेडसाठी रस्ताच नाही. म्हणून एक्सेलमध्ये अजून एक कॉलम करा, ग्रा.मा. क्रमांक. जिथे नंबर आहे तिथे 3054, जिथे देवस्थान आहे तिथे यात्रास्थळाचा निधी (पाणी, स्वच्छतागृह, पार्किंग), जंगलाच्या तुकड्याला वनपर्यटन. प्रस्ताव तुम्ही देत नाही, यंत्रणा देते, म्हणजे जि.प. बांधकाम, वनखातं वगैरे. पुढच्या वर्षीचं प्रारूप डिसेंबर-जानेवारीकडे पक्कं होतं, त्यामुळे तुमची कागदं दिवाळीपर्यंत यंत्रणेच्या टेबलावर पाहिजेत. मार्चमध्ये गेलात तर चहा मिळेल. निवडणुकीची आचारसंहिता कधी लागणार हे पण बघा, ती लागली की नवीन मंजुऱ्या थांबतात.

आमदार निधी वर्षाला 5 कोटी, खासदार निधी पण वर्षाला 5 कोटी. ऐकायला मोठं वाटतं, पण खासदारांच्या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ, गावं शेकड्यांनी. त्यामुळे मागायचं ते एक पूल, एक साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), सोलर दिवे असं, ज्याच्यासमोर उभं राहून फोटो निघतो. मी टोमणा मारत नाहीये, कामाची पाटी लावायला लागतेच. साकव तुमच्या वाटेतला सगळ्यात महाग तुकडा असतो आणि शाळेच्या पोरांना पावसाळ्यात तोच लागतो, म्हणून तो इथे मागा. काम सार्वजनिक जागेवर आणि टिकाऊ मालमत्तेचं हवं, आणि देखभाल कोण करणार याची लेखी हमी लागते.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च. ज्या कंपनीचं नेटवर्थ 500 कोटी किंवा उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. जुन्नरवाल्यांना चाकण-रांजणगाव जवळ आहे. तुमची संस्था नोंदणीकृत हवी, 12ए आणि 80जी (प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या) हवं, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो. हे सगळं नसेल तर नवीन संस्था काढत बसू नका, तालुक्यातल्या एखाद्या जुन्या, हिशोब चोख असलेल्या संस्थेच्या हाताखाली काम करा. कंपनीकडे ट्रेल म्हणून न जाता ग्रामीण विकास, पर्यावरण किंवा वारसा जतन म्हणून जा, कायद्याच्या यादीत तेच शब्द आहेत. उद्घाटनाला मॅरेथॉन घेऊ आणि ती सीएसआरमधून करू, हे होत नाही, असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरत नाहीत. आणि मे ते जुलैमध्ये भेटा, तेव्हा त्यांचं वर्षाचं नियोजन चालू असतं.

लोकवर्गणी शेवटी लिहितोय पण करायची पहिली. आमच्या पहिल्या 2 किमीला गावातून ट्रॅक्टर, डिझेल, जेवण असं सगळं मिळालं, रोख फार कमी. त्या 2 किमीवर उभं राहूनच बाकीचे तिन्ही पैसे मिळाले, पीपीटीवर एक रुपया मिळाला नव्हता.

टप्पे वारीकडून शिका

पाणी, सावली, मुक्काम किती अंतरावर हवा याच्यासाठी परदेशी गाइडलाइन शोधत बसू नका. आळंदी ते पंढरपूर लाखो माणसं दरवर्षी चालतात, दिवसाला साधारण वीस किलोमीटर, मध्ये विसावा, आणि पुणे-सासवडसारखा दिवे घाटाचा टप्पा आला की लोकांचा जीव निघतो. म्हणजे चालणाऱ्याला वीसवर मुक्काम, दहाच्या आसपास विसावा, तीन-चारवर पाणी. आता पालखी मार्गांच्या चौपदरीकरणात दोन्ही कडेला पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी आहे, नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं, त्यामुळे 'चालायला वेगळी जागा कशाला' असं कुणी विचारलं तर हे उदाहरण खिशात ठेवा.

मुक्काम गावातल्या घरांमध्येच करा, तंबूवाल्या ठेकेदाराला देऊ नका. पिठलं-भाकरीचे पैसे ज्या घरात जातात ते घर वाटेवर कचरा टाकू देत नाही, हे आम्ही प्रत्यक्ष बघितलंय.

जुन्नरसारख्या ठिकाणी अजून एक, बिबट्या. उसाच्या फडातून जाणारा तुकडा सूर्यास्तानंतर बंद म्हणजे बंद. दिवे लावून रात्रीची राइड वगैरे डोक्यातून काढा. ऊसतोडीच्या दिवसांत फड मोकळे होतात तेव्हा जास्तच सांभाळा, वनखात्याकडून त्या त्या हंगामाची माहिती घ्या.

देखभाल

पैसे वाट करायला मिळतात, राखायला मिळत नाहीत. म्हणून ठरावात जे नाव लिहिलंय त्या गटाला, आमच्याकडे बचत गट आहे, वर्षातनं दोनदा काम ठरवून द्या: मे अखेर मोऱ्या आणि चर साफ, दसऱ्याच्या सुमाराला गवत काढणं आणि खड्ड्यांत मुरूम. सायकलवाल्यांकडून वर्षाची वर्गणी घ्या आणि त्यातून त्यांची मजुरी द्या, श्रमदान म्हणून ढकलू नका. भाताच्या भागात चिखलणीचं केजव्हील (लोखंडी पिंजऱ्यासारखं चाक) लावून ट्रॅक्टर वाटेवरून गेला तर एका फेरीत वर्षाचं काम जातं, त्यामुळे जूनच्या आधी ट्रॅक्टरवाल्यांना एकदा भेटून या, पाटी वाचून कुणी केजव्हील काढत नाही.

पाटावरच्या तुकड्याला मोटारसायकली अडवायला आम्ही साखळी लावली. एक किल्ली पाटकऱ्याकडे, एक पोलीस पाटलांकडे, एक आमच्याकडे. महिन्याभरात पलीकडच्या वस्तीवरच्या एका ताईंनी सांगितलं की दवाखान्याची गाडी यायला तोच रस्ता आहे. चौथी किल्ली त्यांच्या दाराशी खिळ्याला टांगलेली असते.